निळ्या चिठ्ठीचे उंदीर

एल्सिरा मोंतेनेग्रोच्या हातून सत्तावीस वर्षांत एकही उंदीर खाली पडला नव्हता, आणि ही गोष्ट ती कुणी विचारो न विचारो, सांगायचीच. तुकुमानच्या विद्यापीठात तळघरात प्राणीघर आहे, ते तिचं राज्य. सकाळी सहाला कुलूप काढायचं, पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाणी भरायचं आणि दुपारी एकला, ऊन डोक्यावर आलं की घरी. वरच्या मजल्यांवर डॉक्टर आले आणि गेले, विभागप्रमुख बदलले, दारांवरच्या पाट्या बदलल्या. खाली मात्र एल्सिराच.

नवी पोरं प्रयोगाला आली की उंदराला शेपटीच्या टोकाला धरून उचलायची. मग एल्सिरा खेकसायची. "तुला कुणी कानाला धरून उचललं तर चालेल का रे? बुडाशी धर, बुडाशी! आणि दुसरा हात पोटाखाली!"

तिची स्वतःची रीत ठरलेली होती. उंदीर जुन्या पिंजऱ्यातून उचलून नव्यावर आणायचा, पण आत टाकायचा नाही. त्याचे पुढचे पंजे नव्या पिंजऱ्याच्या कडेला लागले की थांबायचं. तो कड गच्च धरतो, शेपटीचं बूड आपल्या हातात असतं, अंग आपसूक लांब होतं. तसंच धरून ठेवायचं आणि त्याच्याशी बोलायचं. काय बोलायचं? घरातलंच. नवरा काय म्हणाला, बस किती उशिरा आली, टोमॅटो कसे सडके निघाले. बोलता बोलता उंदराची धडधड कमी होते, तो एक लांब श्वास सोडतो, मग त्याला अलगद खाली ठेवायचं. सगळ्यांना सारखं. पाहुण्याला कुणी दारातून आत ढकलतं का, असं ती म्हणायची.

तर त्या वर्षी ऑक्टोबरात डॉक्टर अमालिया नासिफ तळघरात उतरल्या. बाई हुशार, तोंडानं फटकळ, वर्षानुवर्षं पाठीच्या दुखण्यावर काम केलेल्या. हारिया नावाच्या डोंगरी झुडपाच्या मलमावर त्यांचं नाव झालं होतं. त्या मलमात एकच गोम होती. बुएनोस आयरेसवाल्यांनी तोच प्रयोग केला तेव्हा त्यांचे मलम न लावलेले उंदीर महिनाभर पाठीला कुबड काढून बसले, आणि आमच्याकडचे मलम न लावलेलेसुद्धा पंधरा दिवसांत ताठ. ह्यावर डॉक्टरबाई हसून म्हणायच्या, "तुकुमानचे उंदीर आहेत, उसावर वाढलेले. चिवट असणारच!" आणि विषय संपवायच्या.

ह्या वेळी मलम नव्हतं. डॉक्टरबाई एल्सिराला म्हणाल्या, "मटण साफ करताना वरचा पांढरा पातळ पापुद्रा निघतो ना, त्याचं तुम्ही काय करता?"

"मांजराला टाकते."

"सगळ्या जगानं शंभर वर्षं मांजरालाच टाकला! चिरफाड करायची, तो पापुद्रा खरवडून फेकायचा, आणि मग स्नायू बघायचे. आता कळतंय की तो सगळ्या अंगाला गुंडाळलेला असतो, एका थरावर दुसरा थर सरकवतो. तो सुजला, चिकटला, की पाठ धरते. फॅशिया म्हणतात त्याला."

"मग माझ्या नवऱ्याच्या, रोसेंदोच्या खांद्यात तेच झालं असेल. तीस वर्षं साखर कारखान्यात पोती उचलली त्यानं."

"असेलही. म्हणूनच बघायचंय, की नुसता ताण देऊन ही सूज उतरते का."

अठ्ठेचाळीस उंदीर होते. सगळ्यांच्या पाठीत कातडीखाली एक सुई, म्हणजे त्या पापुद्र्याला सूज यायची. मग चोवीस पिंजऱ्यांपैकी बारांवर पांढरी चिठ्ठी, बारांवर निळी. पांढऱ्यांना रोज दोनदा, दहा दहा मिनिटं ताण. निळ्यांना काहीच नाही, तेवढा वेळ नुसतं टेबलावर बसवून ठेवायचं. चार आठवड्यांनी सोनोग्राफी करून सूज मोजायची, मग सगळ्यांना कायमचं झोपवून पापुद्रा तपासायचा आणि दोन्ही गट ताडून बघायचे. ताण द्यायचं काम लिसांद्रो किपिल्दोरचं. हा अमाईचाच्या डोंगरातला पोरगा, बाप शेळ्या राखणारा, घराण्यात शाळेच्या पुढं गेलेला हाच पहिला. त्याची डॉक्टरेट ह्या प्रयोगावर अवलंबून होती. तो उंदीर वरच्या खोलीत न्यायचा, दार लावून घ्यायचा, काम झालं की परत आणून द्यायचा. एल्सिराला त्या खोलीत जायचं काही कारण नव्हतं. तिला एका कागदावर सही करायला लावली होती: ठरल्याबाहेर जनावराला काहीही केलं तर चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत निवृत्तीचे कागद अडकणार. तिनं चष्मा न लावताच सही ठोकली. निवृत्तीला पाच महिने राहिले होते, आणि ठरल्याबाहेर ती कधी काही करायचीच नाही.

आमच्याकडं नोव्हेंबर म्हणजे उन्हाळा, आणि तो असा पेटला की तळघरातली गार हवेची यंत्रणा दुसऱ्याच आठवड्यात बसली. भुशाला वास मारायला लागला. एल्सिरानं एक दिवसाआडचा भुसा दिवसातून दोनदा बदलायला घेतला. अठ्ठेचाळीस उंदीर, दोनदा. घामाच्या धारा लागायच्या, पण जनावरांचे हाल नको, एवढंच तिच्या डोक्यात. त्यातून ह्या खेपेचे उंदीर पाठ धरलेले, बिचारे. कड हाताला लागली की सोडायलाच तयार नसत. मग तीही घाई करायची नाही.

डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी वरून आवाज खाली आला. जिन्याचं दार उघडं होतं आणि डॉक्टरबाईंचा आवाज असा, की बंद असतं तरी आला असता.

"फरक नाही! निळे आणि पांढरे, दोन्ही सारखेच बरे झालेत. अठ्ठेचाळीस जनावरं झोपवली आपण, आणि हातात काय? शून्य! एक तर तू पांढऱ्यांना ताण दिला नाहीस, नाही तर चिठ्ठ्यांची अदलाबदल केलीस."

"डॉक्टरबाई, मी एक दिवस चुकवला नाही."

"मग हा तक्ता बघ. चार आठवड्यांच्या खुणा, एकाच पेनानं, एकाच दाबानं. हा रोज भरलेला तक्ता आहे? हा एका बैठकीत बसून रचलेला आहे, लिसांद्रो!"

"त्याच्यावर येर्बाचा चहा सांडला होता. सगळा हिरवा झाला. म्हणून मी नव्या कागदावर उतरवून काढला."

"आणि जुना कुठाय?"

पोराचा आवाज आला. "फेकला."

एल्सिरानं खाली कपाळावर हात मारला. अरे गाढवा, फेकलास कशाला? आमच्याकडे चहा न सांडलेला एक कागद दाखवा मला कुठल्याही कचेरीत! पण वर बसलेल्यांना हे कोण सांगणार? उद्या दहाला समितीची बैठक होती. खोटी नोंद केल्याचं ठरलं तर पोरगं विद्यापीठाबाहेर, आणि तो शिक्का घेऊन देशात कुठंच थारा नाही.

थोड्या वेळानं लिसांद्रो खाली आला आणि खाद्याच्या पोत्यावर बसला. चेहरा उतरलेला.

"दोन्या एल्सिरा, तुम्ही तरी सांगा, मी खोटारडा आहे?" दोन्या म्हणजे बाई, तो तिला मानानं तसंच म्हणायचा.

"तू वेंधळा आहेस. खोटारडा नाहीस."

"माझ्याकडं चित्रफीत आहे. पहिल्या दिवशी आठवण म्हणून काढलेली. पण एकाच दिवसाची आहे, त्यावर कोण विश्वास ठेवणार?" त्यानं फोन पुढं केला. "बघा. तुम्ही शिकवलंत तसंच धरलंय."

एल्सिरानं चष्मा लावला. टेबल होतं, टेबलाच्या कडेला उंदराचे पुढचे पंजे, मागं लिसांद्रोचा हात शेपटीच्या बुडाशी, थोडा उचललेला. उंदराचं अंग मानेपासून शेपटीपर्यंत लांब झालेलं. तो कड धरून निवांत होता.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"हाच ताण, दोन्या. आपण खेचायचं नाही. तो कड धरतो आणि स्वतःच स्वतःला ताणतो."

पडद्यावरचा हात लिसांद्रोचा होता, पण रीत तिची होती. तिनं पुन्हा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. तिला वाटलं होतं ताण म्हणजे काही तरी यंत्र असेल, पट्टे असतील, वरच्या खोलीत दार लावून करायची शास्त्रातली गोष्ट. आणि ती? ती तर नुसता भुसा बदलत होती. निळ्यांचाही आणि पांढऱ्यांचाही, दिवसातून दोनदा.

"काय झालं, दोन्या?"

"काही नाही. उकडतंय," ती म्हणाली, आणि एवढं बोलून गप्प बसली ह्याची तिला त्याच क्षणी लाज वाटली.

घरी रोसेंदो पडद्याआड बनियनवर बसला होता. एल्सिरानं जेवण वाढलं आणि स्वतः न जेवता सगळं सांगून टाकलं. त्यानं भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"म्हातारे, तुला कुणी विचारलं?"

"नाही."

"मग तू बोलणार नाहीस. तोंडाला कुलूप. चार महिने राहिलेत, चार! तो सही केलेला कागद आठवतोय ना? चौकशी म्हणजे काय असतं ठाऊक आहे? कारखान्यात चौकशी लागलेला मेंदिएता मेला तरी त्याचे कागद सुटले नाहीत."

"आणि पोरगं?"

"पोरगं तरुण आहे. दुसरं काही करेल."

"काय करेल? शेळ्या राखेल?"

"शेळ्या राखण्यात वाईट काय आहे? तू उंदीर राखलेसच की!"

"अरे म्हाताऱ्या, चोर म्हणून हाकलल्यावर शेळ्या राखणं वेगळं." तिचा आवाज चढला. "आणि ते अठ्ठेचाळीस? ते कशासाठी मेले? मी त्यांचे लाड केले म्हणून! लाड केले नसते तर कामाला तरी आले असते."

रोसेंदोचा उजवा खांदा वर जात नव्हता, म्हणून त्यानं डावा हात तिच्या पाठीवर ठेवला. "मी तुझ्या भल्याचं सांगतोय," तो हळू म्हणाला. "ऐक माझं."

दुपारभर गल्लीत सगळे झोपले होते, आणि ती डोळे उघडे ठेवून पडली होती. भीती खरीच होती, उगाच कशाला लपवा. भाड्याचं घर, रोसेंदोचा खांदा, त्याची औषधं. निवृत्ती अडकली तर खायचं काय? एकदा तिला वाटे, रोसेंदो बरोबर सांगतोय. दुसऱ्या कुशीला वळली की तो पोत्यावर बसलेला पोरगा दिसायचा. संध्याकाळी तिनं ठरवलं, बोलायचं नाही. ठरवल्यावर बरं वाटेल असं तिला वाटलं होतं, पण काही बरं वाटलं नाही.

गुरुवारी सकाळी साडेनऊला लिसांद्रो तळघरात आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात प्राणीघराची किल्ली.

"ही तुमच्याकडं ठेवा. नंतर खाली यायला देतील न देतील."

"एवढ्यात कशाला?"

"दोन्या, मी रात्री विचार केला. डॉक्टरबाई खोटं बोलत नाहीत, आकडे खोटं बोलत नाहीत. म्हणजे मीच कुठं तरी चुकलो असणार. चिठ्ठ्या बदलल्या असतील माझ्याच हातून. आठवत नाही, पण असेल." त्यानं मान खाली घातली. "मी कबूल करून टाकतो. म्हणजे लवकर संपेल."

एल्सिराच्या हातातली बादली धाडकन खाली आदळली.

"काय कबूल करतोस? न केलेलं? शुद्धीवर आहेस का? जा वर, आणि मी येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. एक शब्द जरी बोललास ना, तर माझ्याशी गाठ आहे!"

तो गोंधळून गेला. त्याची पावलं जिन्यावरून नाहीशी झाली तेव्हा एल्सिराच्या लक्षात आलं की आपण बोलून बसलोय. आता मागं फिरणं नाही. तिनं पैदाशीसाठी ठेवलेल्यांतला एक उंदीर पिंजऱ्यासकट उचलला, दुसरा रिकामा पिंजरा काखेत मारला आणि जिना चढायला लागली. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर तिनं कोपरानं दार ढकललं.

आत लांब टेबल. मधे डॉक्टर फ्रियास, समितीचे प्रमुख, गुळगुळीत दाढी केलेले. बाजूला डॉक्टरबाई, एका टोकाला टंकलेखन करणारी मुलगी, समोर लिसांद्रो ताठ बसलेला.

"बाई, ही बंद बैठक आहे," फ्रियास म्हणाले.

"उंदीरही बंदच आहे, डॉक्टर. पिंजऱ्यात."

"एल्सिरा, आता नको," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काही मोडलं असेल तर नंतर बघू."

"मोडलंय तेच दाखवायला आले. पाच मिनिटं द्या. मग मला हाकला, नाही तर तुरुंगात घाला."

कुणी हो म्हणायची तिनं वाटच बघितली नाही. दोन्ही पिंजरे टेबलावर मांडले. उंदीर उचलला, एक हात बुडाशी, एक पोटाखाली. रिकाम्या पिंजऱ्याच्या कडेला त्याचे पंजे लागले आणि त्यानं कड धरली. पोटाखालचा हात तिनं काढून घेतला.

"मग?" फ्रियासांनी विचारलं.

"मग थांबायचं."

"कशासाठी?"

"तो श्वास सोडेपर्यंत. मी बोलते त्याच्याशी. सवय आहे." एवढ्या शिकलेल्या माणसांसमोर उंदराशी बोलायचं म्हणजे काय! पण न बोलता ती हे कधी करूच शकली नव्हती. ती उंदराकडं वाकली. "काल रोसेंदो माझ्यावर चिडला. म्हणाला गप्प बस, चार महिने राहिलेत. मी म्हटलं बसते. मग सकाळी हे पोरगं आलं, न केलेली चूक कबूल करायला निघालं होतं. एवढं मूर्ख पोरगं मी बघितलं नाही. आता सांग, गप्प कशी बसू? भुसा मी बदलला. ह्याच हातांनी. निळ्यांचाही."

टंकलेखन थांबलं होतं. लिसांद्रो खुर्चीतून अर्धवट उठला. त्यानं उंदराकडं बघितलं, तिच्या हाताकडं बघितलं, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"डॉक्टरबाई," तो म्हणाला, "हा ताणच आहे."

डॉक्टरबाई भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होत्या. उंदरानं श्वास सोडला, एल्सिरानं त्याला खाली ठेवलं.

"साडेतीन मिनिटं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रोज?"

"गार हवा बंद पडल्यापासून रोज दोनदा."

"निळ्यांनासुद्धा?"

"पिंजरा बदलताना मी चिठ्ठी कुठं बघते, डॉक्टरबाई? आणि त्यांची पाठ दुखत होती. ते कड सोडत नव्हते, म्हणून मी अजून थोडं थांबायची."

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले. आता भडका उडणार म्हणून एल्सिरानं टेबलाची कड घट्ट धरली. पण भडका उडाला नाही. बाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "असं तुम्ही कधीपासून करता?"

"पहिल्या दिवसापासून. सत्तावीस वर्षं."

डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. एल्सिराला आधी काही कळलं नाही. कळलं ते फ्रियासांना. ते पुढं झुकून म्हणाले, "अमालिया, म्हणजे तुमचं मलम..."

"समजलं मला."

"म्हणजे मलम न लावलेलेही बरे झाले ते ह्या हातांनी. तेव्हाचे सगळे आकडे..."

"समजलं म्हटलं ना!"

फ्रियासांनी खाकरून घसा साफ केला. माणूस मुरलेला. "आपण असं करू," ते म्हणाले. "मुलाला समज देऊन सोडून देऊ. बाईंचं बोलणं कागदावर घ्यायची गरज नाही. त्यांचंही निवृत्तीचं वय आहे, त्यांना कशाला त्रास? उन्हाळ्यानंतर प्रयोग नव्यानं करू. मागची सत्तावीस वर्षं उकरून कुणाचं भलं होणार आहे?"

एल्सिराच्या मनात आलं: सुटलो! चौकशी नाही, कागद अडकणार नाहीत, रोसेंदो हसेल. नुसती मान हलवायची होती.

डॉक्टरबाई तिच्याकडं बघत होत्या. "तुम्हाला काय वाटतं, एल्सिरा?"

"मला काय विचारता? मी पिंजरे धुते."

"तरी विचारते."

तिनं लिसांद्रोकडं पाहिलं. तो खाली बघत होता. "समज देऊन सोडलं तर तो माफ केलेला चोर राहील," एल्सिरा म्हणाली. "त्याच्या गावात, तुमच्या लोकांत, जन्मभर. त्यानं काही केलेलं नाही. केलं ते मी."

डॉक्टरबाई टंकलेखन करणाऱ्या मुलीकडं वळल्या. "लिहा," त्या म्हणाल्या. "बाई जे बोलल्या ते सगळं लिहा. निळ्या चिठ्ठीचं लिहा. आणि सत्तावीस वर्षं, तेही लिहा."

"अमालिया, विचार करा," फ्रियास म्हणाले.

"केला. लिहा."

लिहिल्यानंतर जे व्हायचं ते झालंच. एल्सिरावर चौकशी लागली, महिनाभर घरी बसवलं, निवृत्तीचे कागद पुढं ढकलले गेले. रोसेंदो आठ दिवस तिच्याशी बोलला नाही, नवव्या दिवशी शेजाऱ्यांना सांगत सुटला की माझ्या बायकोनं अख्ख्या विद्यापीठाला खरं बोलायला लावलं. डॉक्टरबाईंनी मलमाचा लेख स्वतः पत्र लिहून मागं घेतला. त्यानंतर जेवणाच्या खोलीत त्या एकट्याच बसायच्या. ज्यांच्यासाठी त्यांनी वीस वर्षं रदबदली केली, ते ताट घेऊन दुसऱ्या टेबलाकडं वळायचे.

एप्रिलमध्ये, उकाडा उतरल्यावर, नवे अठ्ठेचाळीस उंदीर आले. डॉक्टरबाई तळघरात उतरल्या आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या.

"नवं माणूस ठेवलं तर उंदीर बुजतात. बुजले की आकडे बिघडतात. हे तुम्हीच करायला हवं."

"काय करायचं?"

"निळ्यांना दोन्ही तळव्यांत उचलायचं आणि सरळ भुशावर ठेवायचं. कड द्यायची नाही. बोलायचं नाही. थांबायचं नाही."

"नाही जमणार मला."

"एल्सिरा."

"नाही म्हटलं ना! दुखणाऱ्या जनावराला बरं वाटेल ते माझ्या हातात असताना द्यायचं नाही? कुठला न्याय हा? दुसरं कुणी शोधा."

"पहिले अठ्ठेचाळीस गेले," त्या म्हणाल्या. "हे नीट झालं नाही तर ते फुकट गेले, आणि हेही फुकट जातील. आणि तुमच्या रोसेंदोसारख्या पाठी आणि खांदे घेऊन लोक येतात, त्यांना मी अजून काहीच सांगू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी सहाला एल्सिरा आली आणि तिनं तसं केलं. चार आठवडे केलं. पांढऱ्यांचा भुसाही त्याच पद्धतीनं बदलायचा होता, पण पांढऱ्यांना वर जाऊन ताण मिळायचा, त्यांचं तिला काही वाटायचं नाही. निळ्यांपाशी मात्र तिची जीभ टाळूला चिकटायची. उचलायचं, ठेवायचं, पुढचा. तळव्यांतला उंदीर मान लांब करून पंजे हवेत हलवायचा, आणि ती पटकन खाली ठेवून झाकण लावायची. पहिल्या आठवड्यात ती दोनदा भांडारघरात जाऊन रडली. नंतर रडायचं थांबलं, पण जेवण जाईना. रोसेंदोला तिनं एवढंच सांगितलं की काम नीट चाललंय.

मेच्या शेवटी सोनोग्राफीच्या खोलीतून लिसांद्रो ओरडतच खाली आला. "दोन्या! चला, चला वर!" त्यानं तिला हाताला धरून तीन जिने जवळजवळ ओढतच नेलं. वर सगळे जमले होते. डॉक्टरबाईंनी आईच्या हातच्या स्फीहा, म्हणजे वर मटणाचं सारण घालून भाजलेल्या छोट्या रोट्या आणल्या होत्या, लिंबू पिळून ठेवलेल्या. कित्येक महिन्यांनी त्या हसत होत्या. फ्रियासही आले होते आणि सर्वांत आधी त्यांनीच खायला सुरुवात केली होती.

"फरक आहे, एल्सिरा!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "स्वच्छ फरक आहे. आता कुणी नाही म्हणू शकणार नाही."

लिसांद्रोनं तिला मिठी मारली. "दोन्या, इतकी वर्षं औषध तुमच्या हातात होतं, आणि कुणाला पत्ता नव्हता!"

टाळ्या वाजल्या. कुणी तरी तिच्या हातात स्फीहा दिली. पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी होती. डावीकडं पाठीचे थर सारखे, बारीक, एकावर एक नीट बसलेले. उजवीकडं मधला थर फुगून जाडजूड झालेला, दुप्पट असेल, सगळं एकमेकांत गुंतलेलं.

"ही कोण?" उजवीकडं बोट दाखवून एल्सिरानं विचारलं.

"निळ्यांतली. एकतिसावी," लिसांद्रो म्हणाला. "सगळ्यात ठळक चित्र हिचंच आलंय. लेखात हेच छापणार."

"ती रोज कड शोधायची," एल्सिरा म्हणाली. "मी दिली नाही."